बरा झालास, ते तिला कळव

थोडगा रोड, अहमदपूर
६ ऑक्टोबर

चि. बाळास,


काल फोनवर तू फिरून फिरून एकच विचारत होतास, आत्या, तिचे उपकार फेडू कसे? पैसे पाठवले तर तिनं परत केले. नवा मोबाइल पाठवावा तर तो कस्टमला अडकेल म्हणतोस. मी काही सांगायला लागले की शेजारून तुझी आई ‘त्याला पपईच्या पानांचा रस घ्यायला सांगा’ म्हणून ओरडत होती. (तुझ्या प्लेटलेट्स केव्हाच भरून आल्यात, रस राहू दे. तिला मी समजावलंय.) म्हणून म्हटलं, लिहावंच. पत्र लांबेल. उभा जन्म केसपेपरवर दोन-दोन ओळी लिहिण्यात गेला, त्याची कसर आता भरून काढते.

मुळात तिकडे व्हिएतनाममध्ये, होई आनला, तुला डेंगी झाला तेव्हा तिनं काय केलं ते तुला नीट उमगलंय असं मला वाटत नाही. बानं पेज करून घातली, रात्रभर उशाशी बसली, स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं, हे तू सगळ्यांना सांगतोस. (तिकडे आजीला ‘बा’ म्हणतात, हे मला आवडलं. मीही तेच म्हणते.) पण यातली सगळ्यात मोठी गोष्ट तू जाता जाता एका वाक्यात उरकलीस, की ‘माझा ताप उतरला होता, तरी तिनं बळंच नेलं.’

अरे, डेंगीत ताप उतरतो तेव्हाच खरी भीती असते. पहिले तीन-चार दिवस अंग भाजतं, हाडं मोडल्यासारखी दुखतात, डोळ्यांच्या मागे ठणकतं. मग ताप खाली येतो, पेशंट म्हणतो आता बरं वाटतंय, नातेवाईक चहा प्यायला बाहेर जातात. काही जणांच्या बाबतीत नेमकं त्याच एक-दोन दिवसांत रक्तातलं पाणी शिरांमधून बाहेर झिरपायला लागतं. बीपी पडतं, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, पोटात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, माणूस गुंगीत जातो. त्याला वाटतं, अशक्तपणा आहे, झोपलं की बरं वाटेल. अशा झोपेतून काही जण उठलेले नाहीत, ते मी पाहिलंय. डेंगीच्या विषाणूवर औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल आणि वेळेवर सलाइन, तेही मोजून मापून, एवढाच काय तो इलाज. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुझ्या बॅगेत आयबुप्रोफेनची स्ट्रिप होती आणि बानं ती उचलून ठेवली, हेही तू हसत हसत सांगितलंस.

तिनं तुला बाथरूमकडे बोट दाखवून, मग बोटं मोजून काहीतरी विचारलं आणि तू लाजलास. बाळा, ती तुझी लघवी मोजत होती. सकाळपासून किती वेळा गेलास, एवढंच तिला हवं होतं. आमच्या वॉर्डात नव्या मुलींना हे शिकवायला महिना लागायचा. डेंगी तिकडे घरोघर ठाऊक असलेला आजार. तिनं कुणाच्या तरी अंथरुणाशी बसून हे आधी शिकलेलं असणार, आणि कुणाच्या ते आपल्याला माहीत नाही. तू बरा होतोयस असं तुला वाटत असताना तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. नातवाला उठवलं, तुला दोघांच्या मध्ये बसवलं, मागून नातवानं तुझ्या कमरेला हात घातला आणि भर पावसात स्कूटर काढली. तुझा जीव वाचलाय तो इथं. पेज, उशाशी बसणं, कपाळावर ओला कपडा ठेवणं ही सगळी माया झाली, आणि तिचं मोल आहेच. पण आभार मानायचे तर ते नेमके कशाचे, हे मानणाऱ्याला आधी माहीत हवं. नाहीतर ‘थँक यू फॉर एव्हरीथिंग’ लिहून मोकळा होशील. ते तर हॉटेलच्या वहीतही लिहितात.

पेजेबद्दल मात्र मलाही लिहायचा मोह आवरत नाही. तू सांगितल्यावर मी नीट विचारून घेतलं. तांदूळ इतका शिजवायचा की दाणा ओळखू येऊ नये, वर कांद्याची पात, किंचित आलं. आपल्याकडे आजाऱ्याला ज्वारीच्या कण्या देतात त्यातलाच प्रकार. त्यात ते लोक मासळीचा रस्सा किंवा चिकन घालतात. तुला ते चालत नाही, म्हणून तू मोबाइलवर ‘चाय’ हा शब्द दाखवलास आणि तिला लगेच कळलं, कारण तिकडचे बौद्ध लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांस-मासळी सोडतात, त्या जेवणाला ते तसंच म्हणतात. तुझ्यासाठी तिनं वेगळं भांडं काढलं. परक्या घरी, ताप असताना, आपल्या तोंडाला चालेल असं काही मिळणं म्हणजे काय, ते आजारी पडल्याशिवाय कळत नाही.

आता पैशाचं. इथं दोन गोष्टींची सरमिसळ झालीय, ती आधी सोडव. दवाखान्यात भरती करताना तिनं स्वतःच्या खिशातून अनामत भरली होती, ती तू परत दिलीस आणि तिनं घेतली. छान झालं. तो व्यवहार होता आणि व्यवहार लगेच, पै-पैचा चुकता करावा. ट्रॅव्हल इन्शुरन्सचा क्लेम अजून भरला नसशील तर या आठवड्यात भर. डिस्चार्ज समरी, बिलाच्या मूळ पावत्या, रक्ताचे रिपोर्ट आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांची झेरॉक्स एका फायलीत लाव. रिपोर्ट व्हिएतनामी भाषेत असतील तर कंपनी भाषांतर मागेल. आणखी एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेव. परदेशात अडचणीत सापडलेल्या आपल्या माणसांसाठी भारतीय वकिलातींकडे २००९ पासून एक कल्याण निधी आहे. तुझ्यावर ती वेळ आली नाही, पण वकिलातीचा नंबर मोबाइलमध्ये असू दे. तुझ्या एकाही मित्राकडे तो नव्हता, हे ऐकून मी कपाळावर हात मारला. ते पुढे हनोईला निघून गेले त्याचा राग धरून बसू नकोस. तिकिटं काढलेली होती, पोरं घाबरली होती. फक्त पुढच्या सहलीला त्यांच्यासोबत जाऊ नकोस.

अनामत फिटल्यावर तू जे जास्तीचे पैसे पाठवलेस, ते तिनं परत केले. तुला वाईट वाटलं. मला तिचं बरोबर वाटतं. तू ते कशासाठी पाठवले होतेस, जरा स्वतःशी बघ. कुणाचं तरी मोठं देणं अंगावर आहे, ही भावना माणसाला सहन होत नाही. फेडलं की सुटलो. रक्कम जेवढी मोठी तेवढी सुटका लवकर. तुला बाच्या उपकारातून सुटायचं होतं, तिच्यापासूनच मोकळं व्हायचं होतं. तसं मनात आणून कुणी करत नाही, मला माहीत आहे. पण पैसे घेतले असते तर तिच्या घरातली ती रात्र भाड्याची झाली असती आणि बहुतेक तू तिला पुन्हा फोनही केला नसतास.

मग तिला काय हवंय? हे मी सिस्टर म्हणून सांगू शकते.

सरकारी दवाखान्यात पेशंट बरा झाला की जातो आणि त्याचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. मेला तर कळतं, कारण कागद येतो. बरा झाला तर काहीच येत नाही. पावसाळ्यात घोणस चावलेले, मण्यार चावलेले, फवारणीचं औषध पोटात गेलेले, बाळंतपणात अडलेल्या बायका. रात्र रात्र त्यांची नाडी बघायची, सकाळी ड्यूटी संपली की घरी यायचं, दुसऱ्या दिवशी गेलं तर कॉटवर दुसरंच कुणीतरी. एकदा नांदेडच्या रस्त्यावरून एका तामिळनाडूच्या ट्रकचा ड्रायव्हर आमच्याकडे आणून टाकला होता. मेंदूपर्यंत चढलेला मलेरिया. त्याची भाषा कुणाला येईना. शुद्धीवर आल्यावर तो माझ्याकडे बघून सारखा एकच शब्द बोलायचा, तो पाणी मागतोय हे कळायला अर्धा दिवस गेला. बरा झाला, मालकानं माणूस पाठवला, दोघं निघून गेले. जाताना त्यानं पायांना हात लावला, सगळ्या स्टाफला पेढे वाटले. अजून रस्त्यात तामिळनाडूचा नंबर असलेला ट्रक दिसला की मी केबिनमध्ये डोकावते. मला त्याचे पेढे नको होते, तो घरी पोचला का एवढंच कळायला हवं होतं.

आणि एक बाई आहे, इथल्या तांड्यावरची. तिचं पोरगं माझ्या हातात निळं पडून जन्मलं होतं. ते कसं रडवलं ते सांगत बसत नाही. ती दर दिवाळीला येते. काही आणत नाही, आणलंच तर शेतातल्या चार शेंगा. पोराला दारात उभं करते आणि म्हणते, बघा सिस्टर, केवढा झालाय. पोरगं आता माझ्यापेक्षा उंच आहे आणि त्याला हा प्रकार अजिबात आवडत नाही. पण मी रिटायर झाले त्या दिवशी जेवढ्या शाली अंगावर पडल्या, त्या कुठल्या पेटीत आहेत मला आठवत नाही. त्या पोराची उंची मात्र मला दरवर्षीची आठवते.

म्हणून, तू बरा झालास ते तिला कळव. आणि कळवत राहा. वजन किती भरलं, भूक लागते का, ऑफिसला जायला लागलास का, जिना चढताना दम लागतो का. डेंगीनंतरचा थकवा बरेच आठवडे टिकतो, हे तिलाही ठाऊक असेल आणि ती मनात धरून असेल. तुझा ताटावर बसलेला एक फोटो पाठव, ताट भरलेलं दिसू दे. व्हिएतनामीत भाषांतर करताना वाक्यं छोटी ठेव. एका वाक्यात एकच गोष्ट सांग. लांब वाक्यांचं ते मशीन भलतंच काहीतरी करतं. आणि पहिल्याच पत्रात हे लिही, की ताप उतरलेला असताना तुम्ही मला का नेलंत ते मला आता कळलं. एवढं एक वाक्य तिला पोचलं की ती ते पत्र शेजारणीला वाचून दाखवेल, बघ.

आता एक कडू गोष्ट. त्या इन्स्टाग्रामवर तू टाकलेला फोटो मला तुझ्या बहिणीनं दाखवला. दवाखान्यात पहाटे खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगलेली बा, केस सुटलेले, तोंड उघडं. खाली इंग्रजीत भलंमोठं लिहिलंय, माणुसकी अजून जिवंत आहे वगैरे. किती जणांना आवडलं तेही तिनं दाखवलं. त्यातल्या किती जणांनी तुला पाणी पाजलं होतं? बाला इंग्रजी येत नाही, म्हणजे तिच्याविषयीचं कौतुक तिला सोडून सगळ्यांनी वाचलं. आणि कुठल्याही घरंदाज बाईला असा फोटो चालेल का, हे तिला विचारलंस का? तुझ्या आजीचा असा फोटो कुणी लावला असता तर दादानं घर डोक्यावर घेतलं असतं. आजच्या आज काढ. तिचा लावायचाच असेल तर आधी विचार, आणि ती केस विंचरून, चांगले कपडे घालून जो काढू देईल तोच लाव.

दूरच्या माणसाला खबर कळवण्यावरून आठवलं. तुला आनंदीबाई जोशींचं चरित्र शाळेत होतं, पण ते ‘पहिली महिला डॉक्टर’ एवढ्यापुरतं. मी नर्सिंगला असताना त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं आणि मला त्यांच्या डॉक्टरकीपेक्षा त्यांची आणि कार्पेंटरबाईंची गोष्ट जास्त लागली. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिथल्या मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, तिथं ते त्यांच्या हाती पडलं. ना ओळख ना देख. त्यांनी आपणहून पत्र लिहिलं. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हापासूनच नाजूक, डोकं दुखायचं, ताप यायचा. त्या पत्रातून हे कळल्यावर बाईंनी अमेरिकेहून औषधं धाडली. गुण आला नाही, पण समुद्रापलीकडून एका न पाहिलेल्या पोरीला कुणी औषध पाठवतं, हेच केवढं! १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा धक्क्यावर घ्यायला त्याच आल्या होत्या. त्यांना आनंदीबाई मावशी म्हणायच्या. पुढं फिलाडेल्फियाची थंडी, अंगावर लुगडं, मांसाहार नाही, अभ्यासाचा रेटा, आणि शेवटी क्षय. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली. नोव्हेंबरात त्या मुंबईला परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते मी तुला मुद्दाम लिहिते. त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. बाईंनी ती पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली आणि वर दगड बसवला. त्यावर नाव आहे, नावापुढं एम.डी. आहे. आता विचार कर, १८८७ साली आपल्याकडच्या एका ब्राह्मण घरानं अस्थी गंगेत किंवा गोदेत न सोडता समुद्रापार, परधर्माच्या बाईकडे पाठवायच्या! गोपाळराव तऱ्हेवाईक होते, बायकोला त्यांनी दिलेला त्रासही चरित्रकारांनी लपवलेला नाही, आणि मला त्या माणसाचं फारसं कौतुक नाही. पण ही गोष्ट त्या घराला सुचली. जिनं त्या पोरीची इतकी वर्षं काळजी वाहिली, तिला शेवटही कळायला हवा आणि तो नुसत्या तारेनं कळून भागणार नव्हतं. कार्पेंटरबाईंनीही परकी म्हणून वेगळा कोपरा दाखवला नाही. दोन्हीकडून कुणी कुणाचं काही फेडलं, असं मला ते वाचताना कधी वाटलं नाही.

तुझं सुदैव, तुला चांगलीच बातमी कळवायची आहे.

भेट पाठवूच नकोस असं मी म्हणत नाही. मोबाइल मात्र नको, त्यानं ती संकोचेल. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या भांडारातून खादीची एक चांगली चादर मी घेऊन ठेवते. त्यांच्याच उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं, हे पत्रात लिही, नातवाला सांगायला बरं पडेल. होई आनची हवा दमट, खादी तिथं चालेल. तू पुन्हा कधी गेलास तर वडीलधाऱ्यांना तिकडे दोन्ही हातांनी वस्तू देतात, तशी दे. त्यांचं नवं वर्ष, तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतं. त्या दिवशी फोन चुकवू नकोस. आणि तिकडे असो की पुण्यात, दिवसा चावणाऱ्या डासाला जप. डेंगीचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणजे बाकी तिघांपासून सुटका नाही, उलट दुसऱ्या खेपेला तो जास्त जड जाऊ शकतो.

शेवटची गोष्ट. आतापर्यंत मी तुझीच खबर तिला द्यायला सांगितली, पण तिची खबर कोण घेणार? २०१६ च्या उन्हाळ्यात तू क्लाससाठी लातूरला होतास, अर्ध्या बादलीत आंघोळ करायचास. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं तर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, परक्या जिल्ह्याचं पाणी, आणि आपण महिनोन् महिने ते प्यायलो. मग २०१९ च्या ऑगस्टात सांगली-मिरजेकडे महापूर आला. टीव्हीवर ती दृश्यं दिसली तसा दादा उठला आणि कुणी काही न सांगता ज्वारीचं कट्टं मदतीच्या टेम्पोत टाकून आला. वहिनीनं विचारलं, मिरजेत आपलं कोण आहे? तर म्हणाला, पाणी प्यायलोय की त्यांचं.

होई आनला ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठा पाऊस होतो आणि थु बोन नदी जुन्या गावातल्या गल्ल्यांत शिरते, म्हणजे आताच्याच दिवसांत. बाचं घर नदीपासून किती लांब, ते बैठं आहे की वर माडी आहे, हे तू तिथं इतके दिवस राहून मला सांगू शकला नाहीस. विचारून घे. तिकडच्या हवामानाची बातमी मोबाइलवर लावून ठेव आणि पाणी वाढतंय असं दिसलं की त्याच दिवशी फोन कर. नातवाचा नंबरही घेऊन ठेव. वीज गेली की म्हातारीचा फोन बंद पडणार, पोराचा लागेल. दोन्ही नंबर मला आणि दादालाही पाठव.

तुझी,
आत्या